भाकरी, दारूगोळा आणि कार्ल बॉश

पावसाने जोर धरला आणि पिकाने वीतभर उंची गाठली, की खेडोपाडी युरियाच्या पोत्यांची चौकशी सुरू होते. खत वेळेवर मिळाले नाही तर शेतकरी हवालदिल होतो, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात आणि मंत्र्यांना खुलासे करावे लागतात. परंतु त्या पोत्यातील पांढऱ्या दाण्यांत जे नत्र असते, ते हवेतून कोणी आणि कसे काढले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. १९६५ साली ट्रॉम्बे येथे सुरू झालेला खतकारखाना असो, की पुढे ऐंशीच्या दशकात अलिबागजवळ थळ येथे उभा राहिलेला असो, त्यांच्या केंद्रस्थानी एक उंच, जाड भिंतीचे पोलादी पात्र असते. त्यात लोखंडाच्या काळ्या खड्यांचा थर भरलेला असतो. हा थर जागचा हलत नाही. नत्रवायू आणि हायड्रोजन यांचे मिश्रण प्रचंड दाबाखाली त्यातून जाते आणि त्याच्या काही भागाचा अमोनिया होऊन बाहेर पडतो. रसायन-अभियांत्रिकीत स्थिर थराच्या ज्या प्रक्रिया आहेत, त्यांत मानवजातीच्या दृष्टीने हिच्याइतकी महत्त्वाची दुसरी नाही. जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न आज या काळ्या थरावर अवलंबून आहे.

ही प्रक्रिया प्रयोगशाळेतून कारखान्यात आणण्याचे श्रेय कार्ल बॉश यांचे. त्यांचे नाव बहुधा फ्रिट्झ हाबर यांच्या नावामागे जोडून घेतले जाते आणि तेथेच संपते. हाबर यांचे आयुष्य नाट्यमय होते, म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. बॉश अबोल होते आणि त्यांचे आयुष्य वरकरणी कारखाने, करार व संचालक मंडळाच्या बैठका यांत गेले. परंतु मोठे तंत्रज्ञान, मोठे भांडवल आणि राज्यसत्ता एकत्र आली म्हणजे एका सुबुद्ध माणसाची कशी कोंडी होते, हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने हाबर यांच्यापेक्षा बॉश यांच्याच चरित्राकडे वळावे.

बॉश यांचा जन्म २७ ऑगस्ट १८७४ रोजी कोलोन येथे झाला. ठिणगी पाडणाऱ्या विद्युत उपकरणांमुळे प्रसिद्ध झालेले उद्योगपती रॉबर्ट बॉश हे त्यांचे चुलते. वडिलांचा गॅस आणि नळकामाच्या सामानाचा व्यवसाय होता. त्यामुळे नळ, झडपा, सांधे आणि गळती यांची ओळख कार्ल यांना रसायनशास्त्राच्या आधी झाली. महाविद्यालयात जाण्यापूर्वी त्यांनी काही काळ एका लोखंडाच्या कारखान्यात हातांनी काम केले, नंतर बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे धातुशास्त्र व यंत्रशास्त्र शिकले, आणि १८९६ पासून लायप्झिग विद्यापीठात रसायनशास्त्राकडे वळून १८९८ साली डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी ऱ्हाइन नदीकाठच्या लुडविग्सहाफेन येथील बी.ए.एस.एफ. या रंग बनविणाऱ्या बलाढ्य कंपनीत ते नोकरीस लागले. लोखंड जाणणारा रसायनशास्त्रज्ञ हा तेव्हाच्या जर्मनीतही विरळाच होता. त्यांच्या पुढील सर्व यशाचे मूळ या दुहेरी शिक्षणात आहे.

त्या काळी युरोपला एका चिंतेने ग्रासले होते. १८९८ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी ब्रिस्टल येथील आपल्या भाषणात इशारा दिला होता, की गहू खाणाऱ्यांची संख्या वाढत आहे, जमिनीला नत्र हवे आहे आणि ते पुरविणारा चिलीचा सोरा काही दशकांत संपणार आहे. चिलीच्या वाळवंटातील या सोऱ्यासाठी १८७९ ते १८८४ या काळात दक्षिण अमेरिकेत युद्ध होऊन गेले होते. जर्मनी हा त्याचा मोठा ग्राहक होता. विरोधाभास असा, की हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायूच आहे. प्रत्येक शेतावर त्याचा अक्षरशः डोंगर उभा आहे. परंतु त्याच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की पिकाला त्याचा काहीही उपयोग होत नाही. तो बंध तोडणे हे त्या पिढीच्या रसायनशास्त्राचे सर्वांत मोठे आव्हान होते.

१९०० साली लायप्झिगचे विख्यात प्राध्यापक विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी हे आव्हान आपण पेलल्याचा दावा केला. तापलेल्या लोखंडी तारेवरून नत्रवायू व हायड्रोजन सोडल्यास अमोनिया मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. दावा पडताळून पाहण्याचे काम बी.ए.एस.एफ.ने पंचविशीतल्या बॉश यांच्याकडे सोपविले. बॉश यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केला. त्यांना आढळले, की अमोनिया येतो खरा, पण थोड्याच वेळात थांबतो. कारण तो हवेतल्या नत्राचा नसून लोखंडात आधीच मुरलेल्या नत्राचा असतो. एका उमेदवार रसायनज्ञाने आपली चूक काढावी, याचा ओस्टवाल्ड यांना संताप आला. परंतु प्रयोगांती बॉशच बरोबर ठरले आणि ओस्टवाल्ड यांना आपला पेटंटचा अर्ज मागे घ्यावा लागला. नाव कितीही मोठे असले तरी ते मोजमापापुढे झुकले पाहिजे, हा बॉश यांचा बाणा पहिल्याच परीक्षेत दिसला. पुढे चाळीस वर्षांनी त्याच बाण्याची किंमत त्यांना मोजावी लागणार होती.

ओस्टवाल्ड यांना जे साधले नाही, ते कार्ल्सरूहचे प्राध्यापक फ्रिट्झ हाबर व त्यांचे इंग्रज सहकारी रॉबर्ट ल रॉसिन्योल यांनी साधले. वायूंवर दोनशे वातावरणांच्या आसपास दाब द्यावयाचा, त्यांना साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवावयाचे, ऑस्मियम या दुर्मिळ धातूच्या थरातून जाऊ द्यावयाचे, तयार झालेला अमोनिया थंड करून काढून घ्यावयाचा आणि उरलेला वायू पुन्हा त्याच थरातून फिरवावयाचा, अशी ही युक्ती होती. एका फेरीत वायूचा अल्पसा भागच बदलतो. परंतु वायू फिरत राहिला की हिशेब जमतो. १९०९ च्या मार्च महिन्यात बी.ए.एस.एफ.च्या वरिष्ठांपुढे हा विषय आला, तेव्हा संशोधन विभागाचे प्रमुख बर्न्थसेन दाबाचा आकडा ऐकूनच हादरले. इतका दाब सहन करणारे पात्र कारखान्यात कोणी वापरले नव्हते. कंपनीचे सूत्रधार हाइनरिश फोन ब्रुंक यांनी बॉश यांचे मत विचारले. पोलादाचा उद्योग काय करू शकतो हे आपल्याला ठाऊक आहे आणि धोका पत्करण्यासारखा आहे, अशा आशयाचे थोडक्यात उत्तर त्यांनी दिले. कोट्यवधी मार्कांचा डाव त्या उत्तरावर खेळला गेला. २ जुलै १९०९ रोजी हाबर यांच्या उपकरणातून अमोनिया सतत टपकू लागला आणि ब्रुंक यांचा निर्णय पक्का झाला.

यानंतरची चार वर्षे अभियांत्रिकीच्या इतिहासात अपूर्व म्हणावी लागतील. टेबलावरील उपकरणाचा कारखाना करावयाचा तर तीन गोष्टी हव्या होत्या: स्वस्त व शुद्ध वायू, टिकाऊ उत्प्रेरक आणि न फुटणारे पात्र. ऑस्मियम साऱ्या जगात जेमतेम शंभर किलोच्या घरात उपलब्ध होते, त्यामुळे त्यावर उद्योग उभा राहणे शक्य नव्हते. बॉश यांनी हे काम आल्विन मित्ताश यांच्याकडे सोपविले. मित्ताश यांनी छोटी छोटी उपकरणे रांगेने मांडून हजारो पदार्थांची परीक्षा घेतली. स्वीडनमधील येलिवारे येथील एका खनिज लोखंडाने अनपेक्षित फळ दिले, तेव्हा त्यातील अशुद्ध द्रव्यांचाच हा प्रभाव असावा, हे त्यांनी ताडले. शुद्ध लोखंडात थोडे अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि पोटॅशची अल्प मात्रा मिसळली, की थर दीर्घकाळ काम देतो, असे निष्पन्न झाले. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी जगभरच्या कारखान्यांतील थर मूलतः याच घाटाचा आहे. त्याला गंधक वा कार्बन मोनॉक्साइडचा स्पर्श खपत नाही. म्हणून वायू आधी धुऊन शुद्ध करण्याची यंत्रणाही बॉश यांच्या सहकाऱ्यांना उभारावी लागली.

खरा अडसर पोलादाचा होता. प्रायोगिक पात्रे सुमारे ऐंशी तास चालत आणि फुटत. पात्राच्या आतील भिंतीचे तुकडे बॉश यांनी कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हायड्रोजन पोलादात शिरत होता आणि पोलादाला बळकटी देणारा कार्बनच खाऊन टाकत होता. बाहेरून पात्र अभंग दिसे. आतून ते ठिसूळ झालेले असे. अधिक जाड भिंत हा त्यावर उपाय नव्हता. कारण जाड भिंतीतही हायड्रोजन कालांतराने शिरणारच. १९११ च्या आरंभी बॉश यांना तोडगा सापडला. दाब झेलण्याचे आणि वायू अडविण्याचे काम एकाच भिंतीने केले पाहिजे असे नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आत कार्बनविरहित मऊ लोखंडाचे अस्तर बसविले; त्यात खाण्यासारखे काही नसल्याने हायड्रोजन त्याचे काही बिघडवू शकत नव्हता. बाहेरच्या पोलादी कवचाला त्यांनी बारीक छिद्रे पाडली. अस्तरातून झिरपणारा अल्प हायड्रोजन त्या छिद्रांवाटे निघून जाई आणि कवचाला धक्का लागत नसे. जेथे सर्वांनी गळती थांबविण्याचा ध्यास घेतला असता, तेथे नळकाम करणाऱ्याच्या या मुलाने थोडी गळती होऊ देऊन पात्र वाचविले.

लुडविग्सहाफेनजवळ ओपाऊ येथे १९१२ साली बांधकाम सुरू झाले आणि सप्टेंबर १९१३ मध्ये जगातील पहिला कृत्रिम अमोनियाचा कारखाना चालू झाला. आरंभी त्याची क्षमता दिवसाला सुमारे ३० टन होती. १९१४ साली कंपनीने लिम्बुर्गरहोफ येथे शेतीचे प्रयोगकेंद्रही काढले. क्रुक्स यांनी वर्तविलेले संकट टळले होते. हवेतून भाकरी काढण्याची युक्ती माणसाच्या हाती आली होती.

ती हाती येऊन वर्ष उलटते न उलटते तोच महायुद्धाचा भडका उडाला. ब्रिटिश आरमाराने समुद्र रोखला आणि चिलीचा सोरा जर्मनीला मिळेनासा झाला. सोऱ्यावाचून जसे खत होत नाही, तसा दारूगोळाही होत नाही. युद्ध काही महिन्यांत संपेल असे गृहीत धरणाऱ्या सेनापतींनी या गोष्टीचा विचारच केला नव्हता. आता त्यांना ओपाऊ आठवले. अमोनियापासून नायट्रिक आम्ल मोठ्या प्रमाणावर करून देण्याचे वचन बॉश यांनी १९१४ च्या सप्टेंबरमध्ये युद्धखात्याला दिले आणि मे १९१५ पर्यंत ते पाळलेही. फ्रेंच विमाने ओपाऊवर येऊ लागली तेव्हा देशाच्या अंतर्भागात लॉयना येथे दुसरा, अधिक प्रचंड कारखाना १९१६ साली उभारावयास घेण्यात आला. एप्रिल १९१७ मध्ये तेथून अमोनिया बाहेर पडला. हा कारखाना नसता तर जर्मनीला इतकी वर्षे लढता आले नसते, याबद्दल इतिहासकारांत फारसे दुमत नाही. याच काळात हाबर यांनी विषारी वायूचे शस्त्र स्वतः रणांगणावर नेले. बॉश तसे उत्साही योद्धे नव्हते. परंतु ज्या थरातून भाकरी निघाली, त्याच थरातून निघालेल्या दारूगोळ्याने युद्ध लांबले, ही वस्तुस्थिती त्यांनाही पुसता येण्यासारखी नव्हती.

१९१९ साली पराभूत जर्मनीच्या शिष्टमंडळाबरोबर बॉश व्हर्सायला गेले. दारूगोळ्याचे कारखाने नष्ट करावेत, असा विजेत्यांचा आग्रह होता आणि ओपाऊ त्या यादीत येण्यासारखे होते. शिष्टमंडळाभोवती पहारा होता. बॉश यांनी एका रात्री कुंपणाची भिंत चढून जाऊन फ्रेंच अधिकाऱ्याशी गुप्तपणे बोलणी केली, अशी कथा सांगितली जाते. तिचा तपशील काहीही असो, सौदा मात्र खरा होता. फ्रान्सला कृत्रिम अमोनियाचा कारखाना उभारण्याची विद्या द्यावयाची आणि त्या बदल्यात जर्मनीतील कारखाने वाचवावयाचे. त्यातून तुलूज येथे फ्रेंच कारखाना निघाला. थोडी गळती होऊ देऊन पात्र वाचविण्याचीच ही रीत होती आणि याही वेळी ती यशस्वी झाली. त्याच वर्षी बॉश कंपनीचे प्रमुख झाले.

२१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी ओपाऊ हादरले. अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांच्या मिश्रणाचा सुमारे ४,५०० टनांचा साठा एका कोठारात होता. दमट हवेने खताचे दगडासारखे ढेप झाले, की ते सुटे करण्यासाठी लहान सुरुंग लावीत. हजारो वेळा असे सुरुंग लावले गेले होते आणि काही झाले नव्हते. त्या दिवशी साठ्याचाच स्फोट झाला. पाचशेहून अधिक माणसे मेली, सुमारे दोन हजार जखमी झाली आणि गावातील बहुतेक घरे कोसळली. दफनविधीच्या वेळी बॉश यांना बोलावे लागले. कोट्यवधींना अन्न देण्यासाठी निर्माण केलेला पदार्थच असा वैरी व्हावा, या जाणिवेने ते व्याकुळ झाले होते. हे दुःख वरवरचे नव्हते. पुढे दीर्घकाळ ते खचलेले दिसत. कारखाना अवघ्या काही महिन्यांत पुन्हा उभा करण्याचे काम त्यांच्या कार्ल क्राउख या कर्तबगार सहकाऱ्याने पार पाडले. हे नाव लक्षात ठेवावयास हवे. त्याचप्रमाणे हेही, की बरोबर ८० वर्षांनी, २१ सप्टेंबर २००१ रोजी, तुलूजमध्ये त्याच वारशातून वाढलेल्या खतकारखान्यात अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन ३१ जण मृत्युमुखी पडले. हजारदा टळलेला धोका म्हणजे नसलेला धोका नव्हे, हा धडा एका पिढीने शिकून दुसऱ्या पिढीला आपोआप मिळत नाही.

१९२५ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतील प्रमुख रासायनिक कंपन्या एकत्र येऊन आय. जी. फार्बेन हा महासंघ निर्माण झाला आणि बॉश त्याचे प्रमुख झाले. आता त्यांना दुसरे स्वप्न खुणावीत होते. उच्च दाब, हायड्रोजन व उत्प्रेरक यांच्या साहाय्याने जर नत्र बांधता येते, तर कोळशाचे पेट्रोल का करता येऊ नये? फ्रिडरिश बेर्गियुस यांनी त्याची दिशा दाखविली होती. १९२७ पासून लॉयना येथे कोळशाचे पेट्रोल निघू लागले. १९३१ साली उच्च दाबाच्या रासायनिक पद्धतींबद्दल बॉश आणि बेर्गियुस यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नवे तत्त्व शोधणाऱ्याऐवजी तत्त्व कारखान्यात उतरविणाऱ्या अभियंत्याचा असा गौरव प्रथमच होत होता.

परंतु ज्या वर्षी हा मान मिळाला, त्या वर्षी लॉयनाचे पेट्रोल आतबट्ट्याचा व्यवहार ठरले होते. पूर्व टेक्सासमध्ये १९३० साली तेलाचे अफाट साठे सापडले, जागतिक मंदी आली आणि खनिज तेल मातीमोल झाले. महासंघातले अनेक संचालक हा उद्योग बंद करावा अशा मताचे होते. बॉश यांना ते मान्य नव्हते. तेल एक दिवस संपेल आणि हे ज्ञान तेव्हा कामी येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. दीर्घ दृष्टीने पाहता ती चुकीची म्हणता येणार नाही. पण कोणतेही स्वप्न तोट्यात चालविण्यासाठी पाठीराखा लागतो, आणि १९३३ साली जर्मनीत एकच पाठीराखा उरला होता.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत हिटलरने उद्योगपतींची बैठक बोलाविली. तीनंतर निवडणूक निधीला आय. जी. फार्बेनने ४ लाख मार्क दिले; ती सर्वांत मोठी देणगी होती. बॉश त्या बैठकीस नव्हते, पण संस्थेचे प्रमुख तेच होते. डिसेंबरमध्ये त्यांनी नव्या राजवटीशी करार केला. लॉयनाच्या पेट्रोलचे उत्पादन वाढवून वर्षाला साडेतीन लाख टनांपर्यंत न्यावयाचे आणि सरकारने दहा वर्षे त्याच्या किमतीची व खपाची हमी द्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. बॉश नाझी नव्हते. त्या मंडळींच्या अडाणी वंशवादाचा त्यांना तिटकारा होता. त्यांचा हिशेब कदाचित असा असावा, की राजवटी येतात आणि जातात. कारखाना आणि ज्ञान टिकले पाहिजे. त्यासाठी थोडे झुकावे लागले तर झुकावे. व्हर्सायला जे साधले ते बर्लिनमध्येही साधेल, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

त्यांनी विरोध केला नाही असे मात्र नाही. ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकलले जाऊ लागले तेव्हा बॉश यांनी हिटलरशी झालेल्या भेटीत हा विषय काढला आणि या धोरणाने जर्मनीतील पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शतकभर मागे जाईल, असे बजावले, अशी हकीकत नमूद आहे. तसे असेल तर जर्मनी शंभर वर्षे ही शास्त्रे नसतानाही चालवून घेईल, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. ज्या हाबर यांच्या बुद्धीवर जर्मनीने चार वर्षे युद्ध लढविले, ते ज्यू वंशाचे म्हणून पद सोडून परदेशी गेले आणि २९ जानेवारी १९३४ रोजी बाझल येथे वारले. वर्षाने माक्स प्लांक यांनी बर्लिनमध्ये त्यांची स्मृतिसभा ठरविली. सरकारी नोकरांनी तेथे जाऊ नये असा फतवा निघाला. बॉश गेले, आणि आपल्या संस्थेतील माणसांसह गेले. अनेक प्राध्यापकांच्या खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या होत्या. त्यांच्या पत्नी मात्र आल्या होत्या.

हे धैर्य खरे होते, पण ते सभागृहापुरते होते. १९३५ साली बॉश नियामक मंडळाच्या अध्यक्षपदी गेले. पद उंचावले आणि कारभार हातातून सुटत गेला. १९३८ पर्यंत महासंघातील ज्यू संचालक व कर्मचारी दूर केले गेले होते. काही सहकाऱ्यांना परदेशी जाण्यास बॉश यांनी मदत केली, परंतु संस्थेची दिशा त्यांना बदलता आली नाही. ओपाऊ पुन्हा उभारणारे क्राउख आता सरकारच्या युद्धसज्जतेचे रासायनिक सूत्रधार झाले होते. बॉश यांचे मन घरातल्या छंदांकडे ओढ घेऊ लागले. हायडेलबर्गच्या टेकडीवरील आपल्या घरी त्यांनी वेधशाळा उभारली होती. किडे, फुलपाखरे व खनिजे यांचे त्यांचे संग्रह मोठ्या तोलामोलाचे होते. १९३४ साली त्या शहरात निघालेले प्राणिसंग्रहालय प्रामुख्याने त्यांच्या आश्रयाने निघाले. परंतु उदासीनता आणि मद्य यांनी त्यांना घेरले. १९३७ साली प्लांक यांच्यानंतर ते कैसर विल्हेल्म संस्थेचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते शरीराने व मनाने थकलेले होते.

मे १९३९ मध्ये म्युनिकच्या विज्ञान संग्रहालयाच्या वार्षिक सभेत बॉश बोलावयास उभे राहिले. विज्ञानाला मोकळीक लागते आणि राज्यकर्त्यांनी त्यात ढवळाढवळ केली की राष्ट्राचाच घात होतो, असे त्यांनी नाझी पुढाऱ्यांच्या देखत सांगितले. सभेत खळबळ उडाली. संग्रहालयातील पद त्यांना गमवावे लागले. त्यानंतर ते अधिकच खचले आणि जीव देण्याच्या विचारापर्यंत गेले. २६ एप्रिल १९४० रोजी हायडेलबर्ग येथे, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दोनच आठवड्यांनी जर्मन रणगाडे फ्रान्सच्या रोखाने निघाले. त्या युद्धयंत्रणेला लागणारे पेट्रोल ज्या विद्येतून आले, ती लॉयनाला वाढलेली होती.

पुढील इतिहास बॉश यांना पाहावा लागला नाही. १९४१ पासून आय. जी. फार्बेनने ऑशवित्झजवळ मोनोविट्झ येथे कृत्रिम रबर व इंधनाचा कारखाना उभारण्यास घेतला. त्यासाठी छळछावणीतील कैदी राबविले गेले आणि हजारोंनी मेले. १९४८ साली न्यूरेम्बर्ग येथे महासंघाच्या १३ अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. त्यांत बॉश यांच्या तालमीत तयार झालेले क्राउख होते आणि प्रमुखपदी त्यांच्यानंतर आलेले हेर्मान श्मिट्झही होते. बॉश जिवंत असते तर ते कोणत्या बाजूला बसले असते, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. १९३३ चा करार त्यांनी केला होता, एवढे पुरेसे आहे.

बॉश यांच्या चरित्रावर निकाल देऊ पाहणाऱ्याची येथे अडचण होते. त्यांना खलनायक ठरविणे अन्यायाचे आहे. त्यांच्या कारखान्याने जितक्या लोकांना जगविले तितके क्वचितच कोणा एका माणसाच्या कामाने जगविले असतील. आज जगात वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया तयार होतो. हरितक्रांतीचा गहू आणि भात त्याच्यावाचून वाढला नसता, आणि भारतासारख्या देशाला परदेशी धान्याच्या जहाजांची वाट पाहणे सोडून देता आले नसते. उलट त्यांना केवळ परिस्थितीचे बळी मानणे हेही खरे नाही. प्रत्येक वळणावर त्यांच्यापुढे पर्याय होते. ते कठीण होते, एवढेच. लॉयनाचे पेट्रोल बंद करणे हा असाच एक पर्याय होता. एका अपुऱ्या स्वप्नाचा मोह त्यांना सोडवला नाही.

पोलादाच्या बाबतीत बॉश यांना कळले होते, की बाहेरून अभंग दिसणारी भिंत आतून पोखरली जात असते आणि ती जाड केल्याने वाचत नाही. छिद्रे पाडून थोडी गळती सोसण्याची युक्ती तेथे चालली, कारण हायड्रोजन आपल्या नियमाने वागतो. आज जेवढा झिरपतो तेवढाच उद्या झिरपतो. निरंकुश सत्तेला असा नियम नसतो. तिला दिलेली पहिली सवलत दुसरीची मागणी घेऊनच येते. हा फरक जगातील श्रेष्ठ अभियंत्यांपैकी एकाला वेळेवर उमगला नाही आणि उमगला तेव्हा त्याच्या हाती बोलण्यापलीकडे काही उरले नव्हते.

हा प्रश्न बॉश यांच्याबरोबर संपलेला नाही. अमोनियाचे कारखाने आजही मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळसा यांवर चालतात. शेतात टाकलेल्या नत्राचा मोठा हिस्सा पिकाला न लागता ओढ्या-नद्यांत आणि हवेत जातो. नवे उत्प्रेरक, नवी इंधने, नवी यंत्रे यांचे संशोधन देशोदेशी चालू आहे आणि त्यासाठी लागणारा पैसा पूर्वीसारखाच सरकारांकडून व महाकाय कंपन्यांकडून येतो. तंत्रज्ञाने आपले काम करावे, त्याचा उपयोग इतरांनी ठरवावा, ही सोयीची विभागणी आहे आणि बॉश यांच्यासारख्या प्रामाणिक माणसालाही ती पुरली नाही. खताचे पोते खांद्यावर घेणाऱ्या शेतकऱ्याने कार्ल बॉश यांचे ऋण मानावे हे योग्यच आहे. जे कारखाने काढतात, करार करतात आणि सरकारी हमीच्या भरवशावर स्वप्ने उभारतात, त्यांनी मात्र त्यांचे चरित्र शेवटच्या पानापर्यंत वाचले पाहिजे.